२६ इशारे आणि एक आयुक्त

मुंबईवरच्या हल्ल्याचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणते, ‘गुप्तचर खाते झोपले होते.’ कागदपत्रांवरून तसे दिसत नाही. ऑगस्ट २००६ पासून हल्ल्यापर्यंतच्या सव्वादोन वर्षांत महाराष्ट्राकडे आलेल्या २६ इशाऱ्यांची नोंद हल्ल्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने केली आहे. त्यांपैकी ६ इशारे समुद्रमार्गे हल्ला होण्याचे होते, ११ एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ले होण्याचे आणि ३ आत्मघातकी कमांडो पद्धतीच्या हल्ल्याचे. हे तिन्ही गठ्ठे शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीचा आराखडाच समोर येतो. ते तसे वाचणे कोणाचे काम होते, आणि वाचले गेले नाहीत म्हणून जाब कोणाला द्यावा लागला, एवढ्यापुरतेच हे प्रकरण मी इथे तपासणार आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. माहिती मिळवणाऱ्या यंत्रणेची जबाबदारी पत्र रवाना झाले की संपते, अशी आपली व्यवस्था आहे. आणि व्यवस्था तशी आहे म्हणूनच पत्रेही तशीच लिहिली जातात.

घटना सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. लष्कर-ए-तैयबाचे दहा जण कराचीहून समुद्रमार्गे निघाले, वाटेत त्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका ताब्यात घेतली, तिच्यावरच्या खलाशांना मारले आणि रबरी होडीने कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. तिथल्या कोळ्यांनी ‘कोण तुम्ही, कुठून आलात’ असे हटकलेही होते. सीएसएमटी (तेव्हाचे सीएसटी), लिओपोल्ड कॅफे, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाउस, कामा रुग्णालय. १६६ माणसे मारली गेली. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तिघे रंगभवनच्या गल्लीत पडले. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी जीव देऊन अजमल कसाबला जिवंत पकडून दिले. २९ नोव्हेंबरच्या सकाळी ताजमधला शेवटचा हल्लेखोर मारला गेला.

इशारा आला, म्हणजे नेमके काय झाले

देशाबाहेरची माहिती मिळवण्याचे काम रॉकडे, म्हणजे रिसर्च अँड ॲनालिसिस विंगकडे असते आणि देशातल्या सुरक्षेचे इंटेलिजन्स ब्युरोकडे, म्हणजे आयबीकडे. राज्यांना इशारा देते ती आयबी. तिचे पत्र मंत्रालयात गृह विभागाकडे येते, पोलीस महासंचालकांकडे येते, मुंबईच्या आयुक्तांकडे येते. राज्याचा स्वतःचा गुप्तवार्ता विभाग वेगळा, मुंबई पोलिसांची विशेष शाखा आणखी वेगळी. तिथून ते परिमंडळाच्या उपायुक्तांकडे आणि शेवटी पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकाकडे उतरते. प्रत्येक टेबलावर त्याला एक आवक क्रमांक मिळतो, वर ‘माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडतो आणि ते पुढे सरकते. सरकारी कचेरीत बसलेल्या कोणालाही या शेऱ्याचा अर्थ सांगावा लागत नाही: आता हे माझ्या टेबलावर नाही. गुप्तवार्तांच्या इशाऱ्यांवर राज्य सरकारच्या पातळीवर होणाऱ्या प्रक्रियेत सारा गोंधळ आहे, असे प्रधान समितीला आढळले ते यामुळेच.

यातला एक इशारा मात्र टपालासारखा हाताळला गेला नाही. तो ९ ऑगस्ट २००८ चा. दक्षिण मुंबईतल्या काही ठिकाणांची नावे त्यात होती आणि त्यात ताजचा समावेश होता. परिमंडळ १ चे तेव्हाचे उपायुक्त विश्वास नांगरे पाटील स्वतः ताजमध्ये गेले, व्यवस्थापनाशी बोलले, काय काय बदलायला हवे ते त्यांनी कळवले. काही काळ बंदोबस्त वाढलाही. पुढे तो सैल पडला. हल्ल्यानंतर काही दिवसांतच रतन टाटांनी सीएनएन या अमेरिकी वाहिनीला दिलेल्या मुलाखतीत सांगितले की अशी सूचना मिळाली होती आणि काही उपायही केले होते.

इथे पोलीस किंवा हॉटेल यांना दोष देणे फार सोपे आहे. मला ते पटत नाही. ऑगस्टात इशारा आला. सप्टेंबरात गणपती, लगेच नवरात्र, ऑक्टोबरच्या शेवटी दिवाळी. मुंबई पोलिसांचे मनुष्यबळ या तीन महिन्यांत कसे ताणलेले असते हे शहरात राहणाऱ्याला ठाऊक आहे. एका हॉटेलपुढे हत्यारी शिपाई किती आठवडे उभे ठेवायचे, हे ठरवायला उपायुक्ताकडे काय असते? धोका अजून आहे की टळला, वाढला की जागा बदलली, हे सांगणारे दुसरे पत्र यायला हवे, आणि ते लिहू शकतो फक्त तोच, ज्याच्याकडे मूळ खबर आहे. ज्याच्याकडे खबर आहे त्याला बंदोबस्ताचा खर्च सोसावा लागत नाही. ज्याला खर्च सोसावा लागतो त्याला खबर कुठून आली, किती पक्की, हे विचारता येत नाही. अशा वेळी इशारा देणाऱ्याचे हित कशात आहे? भरपूर इशारे देण्यात, आणि ते शक्य तितके मोघम ठेवण्यात. काही घडले तर ‘आम्ही कळवले होते’ असे म्हणता येते. काही घडले नाही तर कोणी विचारत नाही.

समुद्राकडची गोष्टही याच वळणाची. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या बातम्यांनुसार सप्टेंबरात गेटवे ऑफ इंडियाजवळच्या हॉटेलचा उल्लेख असलेले संभाषण रॉच्या हाती लागले होते आणि नोव्हेंबरात, दहा जण निघण्याच्या थोडे आधी, एका संशयित नौकेची माहिती अक्षांश-रेखांशांसह तटरक्षक दल आणि नौदलापर्यंत गेली होती. तो बिंदू कराचीच्या बाजूचा. तिथे आपली गस्ती नौका जाऊ शकत नाही, आणि नौका आपल्या हद्दीत आली तेव्हा ती पाकिस्तानी राहिलीच नव्हती. ती पोरबंदरची ‘कुबेर’ झाली होती. तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल सुरीश मेहता यांनी हल्ल्यानंतरच्या आठवड्यात हे साऱ्या व्यवस्थेचे अपयश असल्याचे म्हटले आणि आलेल्या सूचनांवर कारवाई करता येईल अशी ती माहिती नव्हती, हेही सांगितले. गुप्तचर खाते म्हणते, आम्ही कळवले. नौदल म्हणते, जे कळवले त्यावर काही करता येत नव्हते. दोघेही खरे बोलत असू शकतात. म्हणूनच दोघांनाही समोरासमोर बसवून, कागद पुढे ठेवून विचारणारे कोणीतरी लागते.

चूक केवळ आपलीच नव्हती

डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि प्रोपब्लिका यांनी अमेरिकी टेहळणी संस्थेची गुपिते फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेल्या कागदपत्रांच्या आधारे जी माहिती छापली ती वाचून कोणालाही हळहळ वाटेल. लष्कर-ए-तैयबाचे तंत्रज्ञान पाहणारा झरार शाह कटाची तांत्रिक जुळवाजुळव करत होता, आणि त्याच काळात ब्रिटनची जीसीएचक्यू ही टेहळणी संस्था त्याच्या संगणकावर पाळत ठेवून होती. भारतीय यंत्रणेचीही त्याच्यावर नजर होती. अमेरिकेला इतर मार्गांनी कुणकुण होती आणि तिने भारताला सावधही केले होते. तिघांकडे तीन तुकडे. २००८ मध्ये परराष्ट्र सचिव असलेले शिवशंकर मेनन यांनीही त्या वार्तापत्रात हेच मान्य केले की अमेरिका, ब्रिटन, भारत, कोणीच संपूर्ण चित्र जुळवले नाही.

हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करून देणाऱ्या डेव्हिड हेडलीचे प्रकरण तर अमेरिकेच्या अंगणातले. मूळचा दाऊद गिलानी, अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा जुना खबऱ्या. २००६ मध्ये नाव बदलले, ताडदेवला इमिग्रेशन सल्ल्याचे कार्यालय थाटले, ताजचे चित्रण केले, होडीने फिरून उतरायच्या जागा जीपीएसमध्ये टिपल्या. त्याच्या एका पत्नीने २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आणि दुसरीने हल्ल्याच्या सुमारे वर्षभर आधी इस्लामाबादच्या अमेरिकी दूतावासात जाऊन त्याच्याविषयी सांगितले होते. तो पकडला गेला ऑक्टोबर २००९ मध्ये, शिकागोत. तोपर्यंत तो हल्ल्यानंतरही भारतात येऊन गेला होता. मुंबईत कार्यालय थाटून वारंवार पाकिस्तानमार्गे ये-जा करणारा हा परदेशी आपल्याकडच्या कोणाच्या नजरेत का भरला नाही, हा प्रश्न आयबीच्या थेट कामाचा आहे. तो जाहीरपणे आयबीला कोणी विचारल्याचे मला तरी कुठे दिसले नाही.

म्हणजे संसदीय देखरेख असली की हल्ले टळतात, असे म्हणायची सोय नाही. अमेरिकेत सिनेटची गुप्तचर समिती १९७६ पासून आहे, ९/११ झालेच. ब्रिटनमध्ये खासदारांची समिती १९९४ च्या कायद्याने आली. ७ जुलै २००५ चे लंडनमधले स्फोट झालेच. फरक नंतरचा आहे. अमेरिकेत दहा सदस्यांच्या आयोगाने सीआयए आणि एफबीआय यांच्यातली माहिती कुठे अडली ते टेबलागणिक शोधले आणि २००४ मध्ये छापून विकायला ठेवले. ब्रिटिश समितीने लंडन स्फोटांवर दोनदा अहवाल दिले, दुसरा तर पहिल्याला अपुरा ठरवणाऱ्या माहितीमुळे द्यावा लागला. आपल्याकडे काय झाले?

समितीचे हात कुठवर पोहोचले

३० डिसेंबर २००८ ला महाराष्ट्र सरकारने शासन निर्णय काढून दोन सदस्यांची समिती नेमली. अध्यक्ष माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान; सदस्य वप्पाला बालचंद्रन, महाराष्ट्र केडरचे आयपीएस, मुंबईच्या विशेष शाखेत काम केलेले आणि पुढे रॉमध्ये विशेष सचिव झालेले. यापेक्षा जाणकार जोडी मिळणे कठीण. पण समिती चौकशी आयोग कायद्याखाली नव्हती. तिला कोणाला बोलावणे धाडायचा अधिकार नव्हता आणि तिचे कार्यक्षेत्र होते राज्याची यंत्रणा. केंद्रीय गुप्तचर संस्था आणि एनएसजी हे केंद्राचे कमांडो दल यांच्याशी बोलण्याची मुभा केंद्राने दिली नाही, असे बालचंद्रन यांनी नंतर अनेकदा लिहिले आहे. जो माणूस आयुष्यभर इशारे लिहिणाऱ्यांत वावरला, त्यालाच इशारे कसे लिहिले गेले हे पाहता आले नाही!

मग समितीने जे तिच्या आवाक्यात होते ते पाहिले. जुनी शस्त्रे, गोळीबाराच्या सरावाला नसलेली काडतुसे, नियंत्रण कक्षाचे काम, ठरलेल्या कार्यपद्धती पाळल्या की नाही. पोलिसांच्या शौर्याची तिने कदर केली. आणि आयुक्त हसन गफूर यांच्याविषयी म्हटले की त्यांचे नेतृत्व दिसायला हवे तसे दिसले नाही. संकटाच्या तासांत ते ट्रायडंटजवळच थांबून राहिले. एप्रिल २००९ मध्ये अहवाल सादर झाला. जूनमध्ये गफूर यांना आयुक्तपदावरून हलवून, बढती देऊन, पोलीस गृहनिर्माण महामंडळावर पाठवण्यात आले. अहवाल विधिमंडळापुढे यायला डिसेंबर उजाडला.

आयुक्तांवरची टीका अन्याय्य होती असे मी म्हणत नाही. पण सगळ्या साखळीत नाव घेऊन बोट दाखवले गेले ते याच एका कडीकडे, कारण समितीच्या बोटाची लांबी तेवढीच होती.

राजीनामे झाले, हे खरे. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील ३० नोव्हेंबरला गेले. उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील गेले, पण त्यांच्या जाण्यामागे गृहखात्याचा कारभार किती आणि ‘बडे बडे शहरों में’ असे घडतेच, या अर्थाचे त्यांचे एक वाक्य किती, हे प्रत्येकाने आठवून पाहावे. मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या बाबतीत ताजच्या पाहणीला चित्रपट दिग्दर्शक राम गोपाल वर्मा यांना सोबत नेले यावरच गदारोळ झाला. वर्ष सरता सरता चित्र असे: देशमुख मे २००९ मध्ये केंद्रात मंत्री, आर. आर. पाटील नोव्हेंबरात पुन्हा राज्याचे गृहमंत्री, शिवराज पाटील जानेवारी २०१० मध्ये पंजाबचे राज्यपाल. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार एम. के. नारायणन स्वतः आयबीचे माजी प्रमुख. त्यांनी देऊ केलेला राजीनामा स्वीकारला गेला नाही, आणि जानेवारी २०१० मध्ये तेही राज्यपाल झाले, पश्चिम बंगालचे. नवे गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी पहिल्याच आठवड्यात त्रुटी राहिल्या हे कबूल केले होते. संसदेत चर्चा झाली. राष्ट्रीय पातळीवरचा चौकशी आयोग मात्र नेमला गेला नाही.

कायद्याच्या पुस्तकात पाहिले तर

आयबीची सुरुवात १८८७ ची, ब्रिटिश अमदानीतली. रॉ १९६८ मध्ये इंदिरा गांधींनी सरकारी आदेशाने उभी केली. या दोन्ही संस्थांना अधिकार देणारा आणि त्या अधिकारांना कुंपण घालणारा संसदेचा कायदा नाही. पोलीस ठाण्यातल्या हवालदारामागे पोलीस अधिनियम आहे, फौजदारी कायदे आहेत, न्यायालय आहे. १९८५ चा एक कायदा गुप्तचर संघटनांविषयी आहे खरा, पण तो तिथल्या कर्मचाऱ्यांनी संघटना काढू नये, बाहेर बोलू नये यासाठीचा. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत दोन्ही संस्थांना वगळले आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचा आरोप असेल तरच दार किलकिले होते. संसदेची कोणतीही समिती त्यांचे काम तपासत नाही. आयबी गृहमंत्र्यांना उत्तर देते, रॉ पंतप्रधानांना. म्हणजे जाब आहे, पण बंद खोलीतला, आणि विचारणाऱ्याचेही हित ते प्रकरण खोलीतच राहण्यात असते.

हे बदलावे असे म्हणणारे बाहेरचेच लोक नव्हते. जानेवारी २०१० मध्ये तेव्हाचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी रॉच्या संस्थापकांच्या नावाने होणाऱ्या काव स्मृती व्याख्यानातच संसदेच्या देखरेखीची मागणी केली. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी लोकसभेत खासगी विधेयक आणले. पुढे ते स्वतः मंत्री झाले आणि विधेयक मागे पडले. याच मागणीची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये फेटाळली.

निवृत्त अधिकारी यावर जे म्हणतात त्यात तथ्य आहे. यश सांगता येत नाही, अपयश लपत नाही. खबरी उघडा पडला तर मरतो. आणि आपल्या खासदारांपुढे ठेवलेला कागद संध्याकाळी वाहिनीवर दिसणार नाही याची खात्री कोण देणार? पण कारगिल युद्धानंतर नेमलेल्या के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल काही भाग वगळून फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत ठेवला गेला होता. त्यात रॉच्या त्रुटींवर बोट होते आणि देश सुरक्षितच राहिला. तेव्हा जमले ते २००८ नंतर का जमू नये?

मग कामगिरी मोजायची कशी

हल्ल्यानंतर बरेच झाले. आयबीतल्या मल्टी एजन्सी सेंटरला, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रणांची माहिती एकत्र करणाऱ्या केंद्राला, डिसेंबर २००८ अखेरच्या आदेशाने बळ मिळाले आणि माहिती एकमेकांना देणे यंत्रणांना बंधनकारक झाले. एनआयए, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्था, आली, एनएसजीचे तळ मुंबईसह चार शहरांत आले, राज्याने फोर्स वन हे कमांडो दल उभारले, किनारी सुरक्षेची एकंदर धुरा नौदलाकडे गेली. २०१२ मध्ये राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राचा घाट घातला गेला, तो आयबीच्या पोटात आणि अटकेच्या अधिकारासह. अनेक राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी विरोध केला आणि ते बारगळले. विरोधात राजकारण होते, पण ज्या संस्थेमागे कायदा नाही तिच्या हाती बेड्या द्यायच्या का, हा आक्षेप चुकीचा नव्हता.

इशाऱ्यांचे मात्र जुनेच राहिले. १३ फेब्रुवारी २०१० ला पुण्यात जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ जण गेले. हेडलीने कोरेगाव पार्कचा तो भाग पाहून ठेवला होता, पुणे पोलिसांना सावध केले होते, छबाड हाउस या ज्यू केंद्राला आणि ओशो आश्रमाला बंदोबस्तही होता. स्फोट झाला तो जवळच्या बेकरीत. हा इशारा बरोबर ठरला की चूक?

१३ जुलै २०११ ला झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादर इथे स्फोट झाले. या वेळी आधी इशाराच नव्हता. दुसऱ्या दिवशी चिदंबरम मुंबईत म्हणाले की माहिती नव्हती याचा अर्थ गुप्तचर यंत्रणा अपयशी ठरल्या असा होत नाही. त्या विधानाशेजारी २६/११ ठेवून पाहा. तेव्हा इशारे होते, म्हणून अपयश पोलिसांचे. आता इशारा नाही, म्हणून अपयश कोणाचेच नाही. या हिशेबात गुप्तचर यंत्रणा नापास होऊ शकेल अशी एकही परिस्थिती शिल्लक उरत नाही, आणि जी परीक्षा नापास करू शकत नाही तिच्यात पास झाल्याने कामगिरी कळत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये हेडलीचा साथीदार म्हणून आरोप असलेल्या तहव्वूर राणाला अमेरिकेतून भारतात आणले गेले. त्या खटल्यात ताडदेवच्या कार्यालयाचे, परवान्यांचे, प्रवासाचे कागद पुन्हा उघडतील. पण आरोपीच्या पिंजऱ्यात राणा असेल. इशाऱ्यांची छाननी त्या न्यायालयाच्या कक्षेत येत नाही. प्रधान आणि बालचंद्रन यांना जे कागद पाहता आले नाहीत ते आता सतरा वर्षांहून जुने आहेत. हेडली अमेरिकेच्या तुरुंगात ३५ वर्षांची शिक्षा भोगतो आहे, कसाबला २०१२ मध्ये येरवड्यात फाशी झाली, तेव्हाच्या टेहळणीची तंत्रे कालबाह्य झाली आणि त्यांतली काही तर स्नोडेनने जगाला सांगितली. संसदेच्या एखाद्या समितीने ते २६ इशारे, त्यांच्यामागची मूळ टिपणे आणि दोहोंमध्ये काय गाळले गेले, एवढेच तपासून सुब्रह्मण्यम समितीसारखे नावे वगळून छापायचे ठरवले, तर त्याला नवा कायदाही लागणार नाही. सरकारचा एक आदेश पुरेल.